गालजीबागच्या किनाऱ्यावर अमावास्येचा मुक्काम

गोव्यात सागरी कासवे अंडी घालण्यासाठी येतात अशा चार किनाऱ्यांची नावे केंद्र सरकारच्या 2011 च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत घेतलेली आहेत. मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे ते चार किनारे. त्यांपैकी पहिले दोन माझ्या पेडणे तालुक्यात येत असल्याने त्यांचे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काय झाले ते मी जवळून पाहिले आहे. मोरजीला कासवांसाठी राखलेला वाळूचा तुकडा आजही कुंपण घालून जपला जातो आणि वनखात्याची माणसे तिथे रात्री जागतात. परंतु त्या तुकड्याच्या पलीकडे शॅक आहेत, दिव्यांच्या माळा आहेत आणि आश्वेपर्यंत पोहोचेपर्यंत संगीताचा ठेका कानावर आदळत राहतो. 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर तर जो काही उसंतीचा काळ उरला होता, तोही गेला.

कोल्हापूरच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माझ्या थोरल्या बहिणीने, गोव्याचा एखादा निवांत किनारा दाखव, असे मला बऱ्याच दिवसांपासून सांगून ठेवले होते. पेडण्यात राहून तिला काणकोणला न्यायचे, म्हणजे राज्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला न्यायचे, हे तिला चमत्कारिक वाटले. पण मांद्रे आणि मोरजी तिने पूर्वी पाहिलेले होते, आणि आगोंदला नामनिर्देश असूनही झोपड्यांची रांग उभी राहिलेली आहे. राहिले गालजीबाग.

किनाऱ्यावर जायचे म्हणजे कोणत्याही दिवशी उठून जायचे, असे पर्यटकांना वाटते. कोकणातला आणि गोव्यातला माणूस आधी तिथी पाहतो. तिथीचा आकडा पाऊणपट केला की त्या दिवशीच्या भरतीची वेळ ढोबळमानाने निघते, हा हिशेब आमच्या आजोबांनी आम्हांला पाढ्यांबरोबरच शिकवला होता. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी, पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या आसपास लागते. शिवाय या दोन तिथींना उधाण असल्याने ओहोटीचे पाणी इतर दिवसांपेक्षा बरेच खाली उतरते आणि वाळूचा रुंद पट्टा मोकळा होतो. पौर्णिमेला चांदणे असते, अमावास्येला पूर्ण काळोख. महाशिवरात्र होऊन गेल्यावरची माघ अमावास्या आम्ही मुद्दाम धरली, कारण संध्याकाळी ओहोटीत लांबवर चालता यावे आणि रात्री किनारा खरोखर किती अंधारा आहे ते कळावे, अशी माझी इच्छा होती. दुसरे कारण असे की, ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात आणि अंड्यांतून पिल्ले बाहेर पडायला 45 ते 60 दिवस लागतात. त्यामुळे फेब्रुवारीच्या अखेरीस नवी घरटी आणि फुटणारी घरटी अशी दोन्ही असण्याचा संभव असतो.

प्रवास आगगाडीने केला. काणकोणला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून पेडण्याहून मडगावला उतरून कारवारच्या दिशेने जाणारी पॅसेंजर पकडावी लागली. मडगावपर्यंत मांडवी आणि जुवारी या नद्यांवरचे पूल सोडले तर विशेष सांगण्यासारखे काही नाही. बाळ्ळी सोडल्यावर मात्र गाडी डोंगरात शिरते. बार्सेचा तीन किलोमीटरहून लांब बोगदा पार करून ती बाहेर येते, तेव्हा दोन्ही बाजूंना दाट झाडी असते, आणि उत्तर गोव्यात वाढलेल्या माणसालाही हा गोवाच आहे ना, असे क्षणभर वाटून जाते. स्थानकावर रिक्षा होती. काणकोणच्या ‘चार रस्ता’ नावाच्या नाक्यावरून निघालेला नवा वळणरस्ता 2019 मध्ये खुला झाला आणि तळपण व गालजीबाग या दोन्ही नद्या त्याने पुलांवरून ओलांडल्या, त्यामुळे पूर्वीचा वळणावळणांचा प्रवास आता बराच सोपा झाला आहे. रिक्षावाल्याच्या मते हे चांगले झाले. माझ्या मनात त्याबद्दल थोडी शंका होती, ती मी बोलून दाखवली नाही.

मुक्काम एका घरात होता. समोर भाताचे शेत, मागे माडांचे भाट आणि त्यापलीकडे सुरूचे बन. समुद्र दिसत नव्हता, त्याची गाज मात्र ऐकू येत होती. घरमालकीण पन्नाशीच्या होत्या. त्यांनी चहा देतानाच सांगून टाकले, की रात्री किनाऱ्यावर जायचे तर वनखात्याच्या रक्षकाला विचारून जायचे, शेकोटी पेटवायची नाही आणि "दर्याकडेन बॅटरी मारूं नाकात". बहिणीला कोकणी फारशी समजत नसली तरी एवढे समजले.

संध्याकाळी आम्ही सुरूच्या बनातून वाळूवर उतरलो. ओहोटी जवळजवळ पूर्ण झाली होती. उजवीकडे, उत्तरेला, तळपणच्या बाजूची टेकडी होती आणि डावीकडे किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला गालजीबाग नदी समुद्राला मिळत होती. या दोहोंच्या मधल्या सगळ्या वाळूवर मोजकीच माणसे होती आणि तीही एकमेकांपासून दूर. पाणी ओसरलेल्या ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी वाळूच्या गोळ्या आपापल्या बिळांभोवती किरणांसारख्या मांडून ठेवल्या होत्या. वर्दळीच्या किनाऱ्यावर ही नक्षी पायांखाली जाते आणि ती तिथे होती हेही कोणाला कळत नाही. चिखल्या पक्ष्यांचा एक थवा पाण्याच्या रेषेबरोबर पुढे-मागे धावत होता. नदीच्या मुखाजवळ उघड्या पडलेल्या खडकांवरून काही स्त्रिया कालवे सोडवून घेत होत्या. गालजीबागची कालवे काणकोणात प्रसिद्ध आहेत. तिथे पाण्यात उतरू नका, ओहोटीची ओढ नदीच्या तोंडाशी फार असते, असे त्यांच्यातल्या एकीने आम्हांला न विचारता बजावले. सुटीवर आलेली माणसे नेमकी अशाच ठिकाणी पोहायला उतरतात, याचा त्यांना अनुभव असावा.

बहिणीचे लक्ष मात्र समुद्राकडे कमी आणि वाळूच्या उंचवट्याकडे अधिक होते. भरतीरेषेच्या वर मर्यादवेल पसरली होती, तिची जांभळी फुले दुपारच्या उन्हाने मिटलेली होती. ही वेल वाळूत जागोजागी मुळे सोडत पुढे सरकते आणि वाळूचा उंचवटा धरून ठेवते, शिवाय खाऱ्या वाऱ्यालाही दाद देत नाही. तिच्या मागे सुरूचे बन लागत होते, आणि तिथे बहिणीचा सूर बदलला.

गालजीबागचे जे काही फोटो आपण पाहतो, त्यांत जवळजवळ नेहमी हे सुरूचे बन असते. वाऱ्याने त्यातून जी सळसळ उठते, ती ऐकायला लोक मुद्दाम येतात, आणि मलाही ती आवडते. पण सुरू हा इथला वृक्ष नाही. आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरचा हा वृक्ष, वाऱ्याला आडोसा व्हावा आणि वाळू धरून राहावी म्हणून आपल्या किनाऱ्यांवर ठिकठिकाणी लावला गेला. आपण ज्यांना त्याची सुयांसारखी पाने समजतो त्या खरे तर हिरव्या कोवळ्या डहाळ्या असतात, आणि पाने म्हणजे त्या डहाळ्यांच्या सांध्यांवरचे अगदी बारीक खवले, हे बहिणीने मला एक डहाळी सांध्यावर तोडून दाखवले. या गळलेल्या डहाळ्यांचा जाड थर खाली साचतो, त्यातून दुसरे फारसे काही उगवत नाही, आणि मुळांचे जाळे वाळूत वरवरच पसरते. अंडी घालायला वर येणाऱ्या कासवाला मोकळी, भुसभुशीत वाळू लागते. झाडे पुढे सरकली की ती वाळू तेवढी कमी होते.

हे ती सांगत असतानाच वनखात्याचा रक्षक आमच्याकडे आला. तो त्याच परिसरातला, तिशीतला तरुण होता. आम्ही कोण, कुठे उतरलो आहोत, रात्री येणार आहोत का, हे त्याने विचारून घेतले आणि मग बहिणीचे बोलणे थोडा वेळ ऐकून म्हणाला, "मॅडम, या माझ्याबरोबर, एक दाखवतो." थोडे पुढे गेल्यावर कोरड्या वाळूत एक रुंद माग दिसला. पाण्याकडून तो सरळ वर आला होता, सुरूच्या पहिल्या ओळीपर्यंत पोहोचला होता, तिथे थोडी वाळू उकरलेली होती, उकरलेल्या जागी मुळे उघडी पडली होती, आणि तिथून तो अर्धवर्तुळ घेऊन परत पाण्याकडे गेला होता. आदल्या रात्री एक मादी येऊन अंडी न घालता परत गेली होती. रिडले कासव वाळूवर चालताना पुढचे पाय आळीपाळीने टाकते, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूंचे ठसे समोरासमोर न येता मागेपुढे पडतात. मोठे हिरवे कासव दोन्ही पाय एकदम टाकते, म्हणून त्याचा माग वेगळा ओळखू येतो. रक्षकाने हे काठीने दाखवत समजावून सांगितले. मादी मुळांमुळेच परतली असे तो ठामपणे म्हणाला नाही. एखादा कुत्रा भुंकला असेल, कोणी मोबाइलचा प्रकाश टाकला असेल, तिला वाळू पसंत पडली नसेल, असे तो म्हणाला. मात्र ही झाडे तोडा, असे सांगितले तर गावात कोणाला आवडणार नाही, हेही त्याने जोडले. सावली आहे, जळण आहे, पावसाळ्यात वाऱ्याचा जोर अडतो. निसर्गाने जसा दिला तसाच राहिलेला किनारा, अशी ज्याची ख्याती आहे, त्याचे सर्वांत देखणे अंग माणसाने बाहेरून आणून लावलेले आहे, आणि आता ते हलवणेही सोपे नाही.

वनखात्याच्या झोपडीशेजारी जाळीचे कुंपण घातलेला एक तुकडा होता. आत ओळीने टोपल्या पालथ्या घातलेल्या होत्या आणि प्रत्येकीजवळ तारखेची पाटी होती. भरतीचे पाणी पोहोचेल अशा जागी घातलेली अंडी तिथून काढून इथे पुरतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, मऊ कवचाची. ती हलवण्याचे काम पहिल्या काही तासांतच उरकावे लागते, कारण त्यानंतर गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो आणि अंडे फिरले तर तो मरतो. म्हणून प्रत्येक अंड्याची वरची बाजू वरच राहील असे पाहून, मूळ खड्ड्याइतक्याच खोलीचा आणि तशाच आकाराचा खड्डा करून, ती त्यात ठेवतात. खोली बदलली की वाळूचे तापमान बदलते, आणि कासवाचे पिल्लू नर होणार की मादी हे तापमानावर ठरते. साधारण 29 अंशांच्या वर माद्यांचे प्रमाण वाढते, खाली नरांचे. ऑलिव्ह रिडले कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे अंड्याला हात लावण्याचा अधिकारही या माणसांखेरीज कोणाला नाही.

रात्रीचे जेवण घरीच झाले. उकड्या तांदळाचा भात, हुमण आणि तिसऱ्यांचे सुके होते. जेवताना मी घरमालकांना विचारले, की समुद्राला इतके लागून जागा असताना तुम्ही शॅक वा झोपड्या का घातल्या नाहीत. ते थोडे हसले. घालायच्या होत्या, परवानगी मिळत नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. कासवांच्या विणीच्या भागात बांधकामाला मनाई आहे. पाळोळ्याला आणि आगोंदला त्यांच्या नात्यातल्या लोकांनी एका हंगामात जे कमावले, ते त्यांना शेती, माड आणि पाहुण्यांची एक खोली यांतून मिळत नाही. कासवांवर त्यांचा राग नव्हता. लहानपणी त्यांच्या वडिलांनी कासवाची अंडी खाल्लेली त्यांना आठवत होती आणि आता गावातली मुलेच माग दिसला की रक्षकाला फोन करतात, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. परंतु "तुमका बरें दिसता, तुमी एक दिस येतात" हे त्यांचे वाक्य मला पुढे बराच वेळ पुरले. आम्ही ज्या शांततेसाठी तालुके ओलांडून आलो होतो, तिची किंमत त्या घराच्या जमाखर्चात पडत होती, आणि आमच्या खोलीचे भाडे त्यापुढे फारच थोडे होते.

रात्री दहाच्या सुमारास रक्षकाबरोबर किनाऱ्यावर गेलो. त्याच्याजवळ लाल प्रकाशाची विजेरी होती आणि तीही तो क्वचितच लावत होता. डोळे सरावायला बराच वेळ लागला. मग तारे इतके दाट दिसू लागले की क्षितिज कुठे संपते ते त्यांवरूनच कळत होते. दक्षिणेला कारवारच्या दिशेने आकाशात फिकट उजेड होता. पिल्ले अंड्यांतून वर आली की जिकडे क्षितिज अधिक उजळ तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते समुद्राचे पाणी असते, आणि जमिनीवर दिवे असतील तर ती दिव्यांकडे जातात. मोरजीला मी हेच ऐकले होते, पण तिथे मागे दिवे असल्याने ते नुसते ऐकल्यासारखे राहिले होते. बारानंतर भरतीचे पाणी ओसरू लागले तोपर्यंत आम्ही बसून होतो. मादी आली नाही. मध्यंतरी चार-पाच जणांचा एक गट पांढऱ्या प्रकाशाच्या विजेऱ्या घेऊन बोलत आला. रक्षकाने त्यांना नम्रपणे, पण पुन्हा विचारायची सोय न ठेवता, परत पाठवले. रात्रभर हेच काम करणाऱ्या माणसाचा संयम मला त्याच्या ज्ञानाहून मोठा वाटला.

पहाटे त्याचा फोन आला. एका टोपलीखाली वाळू खचली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा अजून उजाडलेले नव्हते, पूर्वेला डोंगरावर थोडी पांढुरकी रेषा होती. टोपलीखाली काळसर, बोटभर लांबीची पिल्ले एकमेकांवर चढत होती, आणि खालून आणखी येत होती. अंड्यांतून एकेकटी बाहेर पडलेली पिल्ले वाळूखाली थांबून, सगळी मिळून वर सरकतात. एकट्याला दीड फूट वाळू पार करणे कठीण जाते. रक्षकाने आणि त्याच्या जोडीदाराने ती मोजून उथळ घमेल्यात घेतली आणि भरतीरेषेच्या बरीच वर वाळूवर सोडली. पाण्याजवळ का सोडत नाही, असे बहिणीने विचारले. पिल्लांनी वाळूवरून स्वतः चालत जाणे आवश्यक मानले जाते, मादी मोठेपणी अंडी घालायला आपल्या जन्माच्या किनाऱ्याच्या आसपास परतते आणि त्या ओळखीची सुरुवात इथेच होत असावी, असे त्याने सांगितले. ओहोटी नुकतीच संपलेली असल्याने अंतर बरेच होते. काही पिल्ले सरळ गेली, काही माणसांच्या पावलांच्या खड्ड्यांत अडकून गोल फिरली. रक्षकांनी उचलून मदत केली नाही, फक्त कावळे आणि घारी येऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना उभे राहिले. पहिल्या लाटेने बहुतेकांना परत वाळूवर फेकले, दुसऱ्या-तिसऱ्या लाटेने आत घेतले. आमच्याखेरीज तिथे आणखी एक जोडपे होते. त्यांना एक पिल्लू हातात घेऊन फोटो काढायचा होता, तो त्यांना काढू दिला गेला नाही.

यानंतरचे काम सहसा कोणी पाहायला थांबत नाही. दोन दिवसांपूर्वी रिकामे झालेले दुसरे एक घरटे रक्षकांनी हातांनी उकरले आणि फुटलेली कवचे, न फुटलेली अंडी, अर्धवट वाढून मेलेली पिल्ले वेगवेगळी मांडून मोजली. वास उग्र होता. प्रत्येक आकडा नोंदवहीत लिहिला गेला, घरट्याची तारीख आणि जागा पुन्हा ताडून पाहिली गेली. बहिणीने रक्षकाकडून नोंदवही मागून घेतली आणि सुरूच्या ओळीपासूनचे अंतर यात का लिहीत नाही, असा प्रश्न केला. तसा रकाना नाही, असे उत्तर मिळाले. तिने कागदावर तसा तक्ता आखून दिला. पुढे त्याचे काय झाले ते मला सांगता येणार नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांनी डिसेंबर ते मार्च या काळात जावे, आणि पिल्ले दिसतीलच असे गृहीत धरून जाऊ नये. किनाऱ्यावर खाण्यापिण्याची फार थोडी ठिकाणे आहेत, ती लवकर बंद होतात. पाणी बरोबर ठेवावे. गावात खोली आधी फोनवर ठरवावी, आणि शक्य असेल तर जेवण त्याच घरी घ्यावे, म्हणजे आपल्या येण्याचे चार पैसे किनारा अंधारा ठेवणाऱ्यांच्या हाती पडतात. काणकोणहून परतीची गाडी कोणती थांबते ते निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे, आणि स्थानकावर परत नेणाऱ्या रिक्षावाल्याचा क्रमांक येतानाच घेऊन ठेवावा, कारण गालजीबागला उभ्या उभ्या रिक्षा मिळत नाही.